अंड्याच्या फेसाच्या विटा

आमचा धंदा भोकांचा होता. कुणी विचारलं की मी असंच सांगायची आणि माझा भाऊ चिडायचा. "सिरॅमिक फोम म्हणावं, बाय. लोक हसतात," तो म्हणायचा. लोकांनी हसावं, असं माझं मत. वजनावर विकायचा माल आणि त्यात बहुतेक जागा हवेची, म्हटल्यावर हसण्यासारखं आहेच ते.

वसई पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत त्याचा गाळा आहे. एका बाजूला बाटल्यांची झाकणं होतात, दुसऱ्या बाजूला कपाटांची कुलपं. मध्ये आम्ही. आम्ही भाजलेल्या मातीच्या जाळीदार वड्या करायचो, स्पंजाला असतात तशी आरपार भोकं असलेल्या. ओतकामाच्या कारखान्यात वितळलेला धातू साच्यात ओतताना या वडीतून गाळून घेतात. चहा गाळतो तसंच, फक्त चहा लालबुंद असतो आणि गाळणं एकदाच वापरायचं असतं.

वडी करायची पद्धत ऐकायला सोपी आहे. गादीत असतो तसला स्पंज कापायचा. पांढऱ्या मातीची पातळ स्लरी कालवायची, त्यात तो बुडवायचा, दोन रुळांमधून पिळायचा, म्हणजे भोकं मोकळी होतात आणि धाग्याधाग्याला मातीचा लेप राहतो. मग वाळवायचा आणि भट्टीत घालायचा. आत स्पंज जळून जातो, माती भाजून कडक होते. म्हणजे स्पंजाने आपला आकार द्यायचा आणि मरायचं. बुडवायच्या टेबलावर सगळ्या बाया, बहुतेक पाचूबंदरच्या आणि आसपासच्या कोळीवाड्यांतल्या. पिळायचं काम त्यांच्याइतकं कुणाला जमत नसे. जास्त पिळलं तर लेप जातो, कमी पिळलं तर भोकं बुजतात.

मला ही पद्धत मनापासून आवडली नाही. एक तर स्पंज जळायला लागला की असा घाणेरडा धूर यायचा की शेजारचा कुलूपवाला दारात येऊन नुसता उभा राहायचा. आणि दुसरं, धाग्यावर लेप दिलेला, धागा जळून गेला, म्हणजे मागे राहिलेली प्रत्येक काडी आतून पोकळ. बोटांत धरून दाबली की कण सुटतात. गाळणंच कचरा करायला लागलं तर त्याला गाळणं कशाला म्हणायचं? भाऊ म्हणायचा, सगळे असंच करतात. सगळे करतात हे त्याचं नेहमीचं उत्तर आहे. आमच्या भुईगावच्या वाडीतली केळी काढून टाकली तेव्हाही तेच होतं.

मी तिथे कशी आले, तर त्याने बोलावलं म्हणून. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, चांगली कायम नोकरी होती. लग्न झालं नव्हतं, त्याची कारणं वेगळी आहेत आणि इथे त्यांचं काम नाही. आई गेल्यावर तो म्हणाला, बाहेरच्या माणसावर विसंबून चालत नाही, तू रसायनशास्त्र शिकलेली, तू ये, आपण दोघं मिळून करू. 'आपण दोघं' या शब्दांना मी भुलले. आमच्याकडे बहिणीला कोणी असं म्हणत नाही. बहिणीला म्हणतात, जरा बघशील का.

पहिली काही वर्षं मी जरा बघायचंच काम केलं. स्लरी दाट झाली की पातळ कर, पातळ झाली की दाट. मग एक दिवस भट्ट्या बांधणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. त्याला गाळणी नको होती. त्याला भट्टीच्या आतल्या अस्तरासाठी विटा हव्या होत्या, हाताला हलक्या, पण उष्णता बाहेर जाऊ न देणाऱ्या. भोकं लहान हवीत आणि वीट जाड हवी. त्याने दोन्ही हातांनी जाडी दाखवली. भावाने होकार दिला आणि माझ्याकडे बघितलं.

स्पंजाने ते होणार नव्हतं. इतक्या जाड स्पंजाच्या पोटापर्यंत स्लरी नीट पोचत नाही, पोचली तर पिळून निघत नाही, आणि भाजताना मधोमध चीर पडते. मग मी लाकडाचा भुसा मातीत कालवून बघितला. भुसा जळून जातो, त्याच्या जागी भोक राहतं. ही जुनीच युक्ती आहे. पण भुसा सगळीकडे सारखा बसत नाही. एका कोपऱ्यात भोकांचा बाजार, दुसरा कोपरा दगडासारखा. वर धूर स्पंजापेक्षाही वाईट. कुलूपवाला या खेपेला दारात उभा राहिला नाही, सरळ आत आला.

तेव्हा मनात आलं की भोक पाडण्यासाठी काहीतरी जाळायलाच कशाला हवं? भोक म्हणजे हवा. मग हवाच भरावी. स्लरीचाच फेस करावा आणि तो बसायच्या आत घट्ट करावा. फेस म्हटल्यावर साबण आठवेल कुणालाही. मला अंडी आठवली. नाताळात आई अंड्याचं पांढरं घोटायची, हात भरून येईपर्यंत, मग तो फेस असा उभा राहायचा की भांडं उपडं केलं तरी पडत नसे. आणि अंड्याची खुबी अशी की फेस पण तेच करतं आणि आच लागली की घट्ट पण तेच होतं. साबण फेस करेल, पण पुढे धरून ठेवणार कोण?

मी पुस्तकं धुंडाळली तेव्हा कळलं की जगात हे करून बघितलेलं आहे. मी काही नवा शोध लावला असा माझा दावा नाही. पण करून बघितलेलं असणं वेगळं आणि वसईच्या दमट हवेत, आमच्या मातीत, आमच्या भट्टीत ते दर वेळी जमणं वेगळं. ते जमवलं मी. माती किती बारीक, पाणी किती, पांढरं कधी घालायचं, साचे ओल्या गोणपाटाखाली झाकून किती मंद ऊब द्यायची, म्हणजे वरची साय आधी सुकून तडकणार नाही. केकवाल्याकडून जुना मिक्सर आणला होता, त्यात करायची. कितीतरी विटा फुटल्या, कितीतरी खाली बसल्या. एकदा तर भट्टी उघडल्यावर आत फक्त पांढरी पोळी होती. भाऊ म्हणाला, चला, चटणी वाटा.

बलक मात्र वाया गेला नाही. बाया डबे आणायच्या आणि घरी न्यायच्या. त्या काळात त्यांच्या घरी रोज अंड्याचा पोळा व्हायचा. भट्टीतून पिसं जळाल्यासारखा वास यायचा, तोही थोडाच. आणि मग एक वीट अशी निघाली की मी ती हातात घेऊन टेबलावरच बसले. पावासारखी हलकी. कापली तर आत सगळीकडे सारखी भोकं, बारीक, गोल, भिंती भरीव. दाबली तर बोटाला पूड लागेना. त्या बायांमधली सगळ्यात मोठी, जिचं टेबलावर सगळ्या ऐकायच्या, तिने ती गालाला लावून बघितली आणि म्हणाली, "बाय, हिच्यात तर काय वजनच नाय." मला त्या दिवशी जितका आनंद झाला तितका नंतर कशाने झाला नाही. हे सरळ सांगते.

भावालाही झाला होता, खोटं कशाला बोलू. त्याने भट्टीवाल्या कंपनीला विटा पाठवल्या. त्यांना पसंत पडल्या. पण त्यांचं म्हणणं, दोनचार विटा कुणीही करेल, मोठा घाणा आमच्या माणसासमोर करून दाखवा. भाऊ मला म्हणाला, "हे जमलं तर शेजारचा गाळा घेतो. विटांचं सगळं काम तुझं. कागदावर पण तुझं नाव." मी त्याला कागद मागितला नव्हता. तो आपणहून म्हणाला.

माझं सगळं त्या एका घाण्यावर अडकलं होतं. वय पन्नाशीच्या पलीकडे, नोकरी सोडलेली. जमलं तर मी त्या गाळ्याची मालकीण, नाहीतर पुन्हा जरा बघणारी बहीण.

मोठ्या घाण्यासाठी मोठा मिक्सर आला, नवा कोरा, बेकरीत असतो तसा उभा. त्याचं भांडं इतकं मोठं की त्यात लहान मूल बसेल. अंड्याच्या फेसाला एकच वैरी, तो म्हणजे ओशटपणा. बलकाचा थेंब गेला, तेलाचा हात लागला की पांढरं फुगत नाही, कितीही घोटा. म्हणून आदल्या दिवशी मी स्वतः ते भांडं सोड्याच्या गरम पाण्याने धुतलं, उकळतं पाणी ओतून निथळवलं आणि स्वच्छ फडक्याने झाकून ठेवलं. सकाळी मी पापडीला गेले, कारण ताजी अंडी तिथल्याच एका ओळखीच्या बाईकडून घ्यायची होती. शिळ्या अंड्याचं पांढरं पातळ असतं.

मी येईपर्यंत गाळ्यात पूजा उरकली होती. त्यात नवल नव्हतं. आमच्याकडे नवं यंत्र आलं की बाया हार घालतात, नारळ फोडतात, आणि भाऊ त्याच दिवशी किंवा पुढच्या रविवारी फादरांना बोलावून पवित्र पाणी शिंपडून घेतो. सगळ्यांना धरून राहायचं, हा त्याचा स्वभाव. देवांच्या बाबतीत तो कुणाला नाराज करत नाही. मी आले तेव्हा मिक्सरला झेंडूचा हार होता, मोटरवर हळदकुंकू होतं, आणि भांडं माझ्या फडक्याने झाकलेलं होतं, जसं ठेवलं होतं तसंच. कंपनीचा पाहुणा आलेला होता. बायांनी त्यालाही खोबरं दिलं होतं.

मी अंडी फोडली, पांढरं वेगळं केलं, एकाही अंड्याचा बलक फुटला नाही. स्लरी तयार होती. मिक्सर सुरू केला. पाहुणा शेजारी हाताची घडी घालून उभा, भाऊ त्याच्या मागे, बाया टेबलापाशी.

फेस आला नाही. म्हणजे आला, पण पोरं तोंडाने करतात तेवढा. एरवी पाच मिनिटांत भांड्याच्या काठाला यायचा, तो तळाशीच डुचमळत राहिला, पातळ ताकासारखा. मी वेग वाढवला. काही नाही. आणखी पांढरं घातलं. काही नाही. पाहुण्याने एकदा घड्याळाकडे बघितलं. मी भांड्यावर वाकले तर नाकाला खोबरेल तेलाचा वास आला, आणि कडेच्या स्लरीला अगदी फिकी गुलाबी झाक होती.

मिक्सर थांबवला आणि त्या मोठ्या बाईला बाजूला नेऊन हळूच विचारलं, भांड्याच्या आत काही लावलं होतं का. तिने लपवलं नाही. लपवण्यासारखं तिला काही वाटतच नव्हतं. "आतून पन लावलं ना," ती म्हणाली. "आमच्याकडं नवी होडी पान्यात घालताना आतून टिळा लावतात, जिथं मासली ठेवतात तिथं. बाहेरून लावून काय फायदा? पान्यातलं कुंकू स्टीलवर ओघलत व्हतं, मग तेलात कालवलं. साहेब यायच्या आदी फडक्यानं पुसून पन टाकलं." म्हणजे लाल गेलं, तेल राहिलं. एका फडक्याने सगळ्या भांड्याला छान सारखं लागलं.

मला खरं तर हायसं वाटलं. माझी पद्धत चुकली नव्हती. भांडं धुवायचं, अंडी अजून होती, दुपारपर्यंत दुसरा घाणा निघाला असता. बाईवर रागवण्याचं काही कारण नव्हतं. तिने होडीला जे केलं असतं तेच मिक्सरला केलं, भांडं भरून यावं म्हणूनच केलं.

मी भावाला ऑफिसात नेलं, दार लोटलं आणि सांगितलं. आम्ही आमच्या घरच्या बोलीत बोलत होतो. तिथे ती फक्त आम्हा दोघांनाच कळते. तो ऐकताना पांढरा पडला.

"त्या माणसाला काय सांगणार तू?" त्याने विचारलं.

"भांड्याला तेल होतं म्हणून सांगते. धुऊन परत करू."

"तेल कुठून आलं विचारेल."

"विचारू दे. तेल ते तेल."

"आणि बाया? त्यांना काय सांगणार? कुंकवाने माल बिघडला म्हणून?"

"कुंकवाचं नावच घेत नाही मी. तेल म्हणते आहे."

"तू तेल म्हणशील. फाटकाबाहेर जाईपर्यंत त्याचं काय होईल ते तुला माहीत आहे." तो खुर्चीवर बसला. "आपण ख्रिस्ती आहोत ते विसरू नको, बाय. या गल्लीत धंदा करायचाय मला."

त्याची भीती अगदीच हवेतली नव्हती, हे मला कबूल आहे. आदल्या वर्षी वसाहतीतल्या एका गाळ्यात मालकाने यंत्राच्या पट्ट्यात अडकतो म्हणून हार काढायला लावला होता. कुणीतरी फोनवर चित्रण केलं, ते फिरलं, संध्याकाळी फाटकाशी अनोळखी माणसं जमली. मालकाला हात जोडून माफी मागावी लागली आणि नंतर तो गाळा विकून गेला. पण ती कुठली कोण माणसं होती. या बाया आमच्या होत्या. वर्षानुवर्षं एका टेबलावर जेवलेल्या. माझ्या आईच्या मातीला आलेल्या. मी त्याला हे म्हटलं.

"तू शिकवत होतीस तिथे बरं होतं सगळं," तो म्हणाला. "इथे माझं पोट आहे. हात जोडतो तुला. काही बोलू नको."

त्याने खरोखर हात जोडले. थोरल्या भावाने धाकट्या बहिणीसमोर हात जोडले की पुढे बोलायचं कसं? मी म्हटलं, निदान भांडं मुकाट्याने धुते, कारण सांगत नाही. तो म्हणाला, आत्ताच पूजा केलेलं भांडं सगळ्यांसमोर सोड्याने घासायला बसलीस तर वेगळं सांगायला लागेल का? मग तो बाहेर गेला. मी दारातून ऐकत होते. पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून तो हसून म्हणाला, "आमच्या बहिणीचा प्रयोग होता हा. घरगुती. मोठ्या मापाला नाही चालत असलं. आपलं खरं काम स्पंजचं, ते बघा तुम्ही."

घरगुती. त्या एका शब्दाने माझी सगळी वर्षं स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. तो माणूस सभ्य होता, त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, जेवला आणि गेला. बायांना वाटलं माझं गणित चुकलं. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "व्हतं असं, बाय," ती म्हणाली. मी तिला काही सांगू शकले नाही. त्या क्षणी मला भावाचा जितका राग आला तितकाच तिच्या मायेचाही आला.

स्लरी टाकून दिली. नव्या मिक्सरवर प्लास्टिक घातलं गेलं. मी विषय काढला की भाऊ म्हणायचा, थांबू थोडं, वातावरण निवळू दे. वातावरण कशाने बिघडलं होतं, तर जे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं त्याने. एक दिवस त्याने मला स्पंजाच्या टेबलावर, पिळलेल्या वड्या उजेडात धरून बुजलेली भोकं शोधायच्या कामाला बसवलं. मी काही महिने बसले. मग एका सकाळी उठले आणि गेलेच नाही. त्याचा फोन आला, बरं नाही का म्हणून. मी म्हटलं, बरी आहे. त्याने येण्याचा आग्रह केला नाही, आणि मला समजायचं ते समजलं.

आता मी माणिकपूरला दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. मुलं बरी आहेत, थोडी आळशी. राग गेला नाही. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, फादर क्षमा करा म्हणतात तेव्हा मी मान खाली घालते, पण मनातल्या मनात म्हणते, आधी त्याने मागायला हवी. पण भावाची भीती मी समजून घेतली होती, हेही खरं. घाबरलेला माणूस दुसऱ्याचा गळा कापून आपला वाचवतो, असं मी स्वतःला समजावलं होतं. त्या समजुतीवर माझं दीडेक वर्ष निघालं. नाताळाला त्याच्या घरी जाऊन जेवूनही आले.

गेल्या पावसाळ्याच्या आधी माणिकपूरच्या रिक्षा थांब्यावर ती मोठी बाई भेटली. टोपली रिकामी होती, बाजार उरकून परत निघाली होती. गाळ्यातून रजा मिळाली की ती अजून मासळी घेऊन बसते. मला बघून तिला मनापासून आनंद झाला. तब्येतीचं विचारलं, मग म्हणाली, "तुमी असायला पायजे व्हत्या आता. काय काम वाढलंय. शेजारचा गाला पन घेतला शेठनी."

"स्पंजचं?"

"कसलं स्पंजचं. तुमच्या त्या हलक्या इटा. रोज ट्रे भरून अंडी येतात. पुन्याचा एक सायब येतो आठवड्यातनं, त्याची पद्धत हाय म्हनतात." ती हसली. "आमाला म्हाईत हाय कोनाची हाय ती. पन आमाला कोन इचारतंय?"

रिक्षावाला कुठे जायचं विचारत होता, त्याला हाताने थांबायला सांगितलं.

"आनी बलक अजून घरी नेतो आमी," ती म्हणाली. "फकस्त भांडं पैलं सोड्यानं धुतात, उकलत्या पान्यानं, तुमी करायच्या तसंच."

मला विचारल्याशिवाय राहवेना. "आणि पूजा? कुंकू कुठे लावता?"

"बाहेर. मोटरीवर. शेठनी सांगितलं, आत तेल लागलं का फेस बसतो, बाहेर लावा. आमी म्हटलं, बरं."

"कुणी काही बोललं नाही?"

तिला प्रश्नच कळला नाही. "काय बोलायचं?" ती म्हणाली. "तेल लागलं का फेस बसतो, ते आमालाबी कलतं. तवाच सांगितलं आसतं तर तवाच धुऊन दिलं आसतं." मग तिने टोपली रिक्षात ठेवली, मला घरी यायचा आग्रह केला आणि गेली.

मी त्या दिवशीची शिकवणी रद्द केली. घरी येऊन बसून राहिले. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आला तो संतापच. जे वाक्य मला त्या ऑफिसात बोलू दिलं नाही, ज्याने गाळा जळेल, धंदा बुडेल, माणसं फाटकाशी जमतील असं मला हात जोडून सांगितलं, ते वाक्य त्याने नंतर आरामात उच्चारलं, मी तिथे नसताना, स्वतःचं म्हणून.

पुढच्याच आठवड्यात त्याचा फोन आला. आईच्या पुण्यतिथीची मिस्सा आहे, चर्चमध्ये यायचं आहे, असं सांगायला. आवाज नेहमीसारखा, प्रेमळ. मी सगळं ऐकून घेतलं, वेळ विचारली, आणि मग म्हटलं, "दादा, त्या बायांना तेलाचं कसं सांगितलंस तू?"

मला वाटलं आता तरी लाजेल, निदान काहीतरी कारण जुळवेल.

"साधंच सांगितलं गं," तो म्हणाला. "त्यात काय अवघड होतं?"